दुपट्ट्याखालचा हात

दिग्रसला बदली झाली आणि मी खोली पाहायला पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा अंगणात खाटेवर बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आडनावावरून काही काढून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. मी आपला सांगत होतो की कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, बायको आणि मुलगी अमरावतीला असतात, इथे मी एकटाच राहणार. ते माझ्या पायांकडे पाहत होते. मग म्हणाले, "त्या कडुनिंबापर्यंत जाऊन या बरं."

मला वाटलं, झाडाखालचं काही आणून द्यायचं असेल. गेलो. तिथे काहीच नव्हतं. परत आलो.

"आता जरा जल्दी."

पुन्हा गेलो, पुन्हा आलो. आता माझं डोकं तापायला लागलं होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस हातात बॅग घेऊन भर उन्हात परक्याच्या अंगणात फेऱ्या मारतोय, हे रस्त्यावरून जाणारे दोघंतिघं थांबून बघत होते.

"डावा पाय जरा ओढता तुमी," ते म्हणाले. "पण मारके नाही. राहा."

अशी मला खोली मिळाली. माझ्याआधी एका बँकेच्या मॅनेजरला त्यांनी चालीवरून परत पाठवलं होतं, हे मला पुढे दूधवाल्यानं सांगितलं. मॅनेजर अंगावर येणारा निघाला होता म्हणे.

गाव त्यांना दलाल म्हणे, मी काका म्हणायचो. ते मला मास्तर म्हणत. मी शिकवत नाही, ऑफिसात बसतो, असं मी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं. "शाळेत बसते तो मास्तर," एवढंच त्यांचं उत्तर. काकांनी उभा जन्म बैलबाजारात काढला होता आणि माणसं पाहायची दुसरी नजर त्यांच्याकडे नव्हतीच. निवडणुकीत नवा निवडून आलेला नगरसेवक हात जोडून दारात आला, तो गेल्यावर काका म्हणाले, "दिसाले भारी हाय, गाडा ओढनार नाही." लग्नात स्टेजवरच्या नवऱ्या मुलाकडे पाहून म्हणाले, "खांदा बसला नाही अजून." माझी बायको पहिल्यांदा दिग्रसला आली त्या दिवशी मी धास्तावलोच होतो. तिला त्यांनी चालायला लावलं नाही. ती निघून गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई गरीब हाय. पण तिच्या पुढे चालू नका." हे मी तिला सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक भांडणाचा शेवट याच वाक्यावर होतो.

त्यांच्या धंद्याची रीत अशी होती. बैल विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये दलाल. भाव तोंडानं बोलायचा नाही. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकणार, त्याखाली घेणारा दलालाची बोटं धरून आपला भाव सांगणार. मग दलाल दुसऱ्याकडे जाऊन तसाच दुपट्टा टाकून त्याची बोटं धरणार. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. मालकाला मान्य असलं तर तो दलालाची सगळी बोटं एकदम मुठीत घेऊन एक झटका देणार. झाला सौदा.

आता यात लबाडी करायला केवढी जागा आहे, हे ऐकणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. घेणाऱ्यानं दिलं एक आणि दलालानं पलीकडे सांगितलं दुसरंच, तर पाहणार कोण? काकांचा सगळा अभिमान इथेच होता. "इकडचं बोट तिकडे जसंच्या तसं नेलं, मास्तर. दुपट्ट्याखाली म्या कोणाले खोटं बोट देल्लं नाही." हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकायचो. दूधवाल्यानं विषय काढला की त्याला, इस्त्रीवाल्यानं काढला की त्याला, आणि कोणीच काढला नाही तर मला.

हे सगळं दुपट्ट्याखालीच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं ते गुप्ततेचं काही सांगतील. ते म्हणाले, "जनावरासमोर बोलू नाही. त्याले समजते. आपला मालक आपल्याले देऊन राह्यला, हे त्यानं ऐकलं का त्याचं चारापाणी तुटते."

बाजार अजूनही भरतो. पण आता ट्रॅक्टर आले, आणि जे थोडे बैल येतात त्यांचे भाव लोक मोबाइलवर ओरडून ठरवतात. बाजाराच्या दिवशी काका धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून जात, फाटकाशेजारच्या दगडावर बसत आणि दुपारी परत येत. त्यांचा हात कोणी मागत नसे. भाजीवालीपुढे त्यांनी एकदा सवयीनं दुपट्टा टाकला तर ती लाजून हसली आणि म्हणाली, "बाबा, तोंडानं सांगा ना, काय पायजे ते."

म्हणून तो हात माझ्या वाट्याला आला असावा. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की ते खाटेवर सरकून मला जागा करून देत. चहा मी करायचा. पेले खाली ठेवले की ते दुपट्टा काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकत आणि विचारत, "आज किती?"

चार बोटं म्हणजे सोळा आणे, एक बोट चार आण्यांचं. दिवस कसा गेला ते बोटांनी सांगायचं. मी त्यांची जितकी बोटं धरीन तितका माझा दिवस, मग ते माझी धरत तितका त्यांचा. सुरुवातीला मला हसू यायचं. म्हाताऱ्याची करमणूक होतेय तर होऊ दे, म्हणून मी चारही बोटं धरून मोकळा व्हायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी हात झटकून टाकला. "दुपट्ट्याखाली खोटं नाही, मास्तर."

मग मी खरं धरायला लागलो. बायकोचा फोन आला की मी मजेत असे. आईला सांगायचं तर मी नेहमीच मजेत. दुपट्ट्याखाली मात्र दोन बोटं, पुष्कळदा एक. मुलीचा वाढदिवस होता आणि मला सुटी मिळाली नाही, त्या संध्याकाळी मी एकही बोट धरलं नाही, नुसता हात ठेवला. काकांनी चहा निवला म्हणून पुन्हा गरम करायला सांगितला. त्यांचं स्वतःचं उत्तर बहुतेक दोन असे, सणावारी एक. एवढ्या वर्षांत मला खरं उत्तर देणारं आणि माझ्याकडून घेणारं ते एकच ठिकाण होतं, हे मी आज सरळ सांगून टाकतो.

ढवळ्या हा त्यांचा ससा. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, मांजरापेक्षा थोडा मोठा आणि स्वभावानं तिरसट.

खरं तर स्वतःचं जनावर ठेवायचं नाही, ही काकांची शिस्त होती. हजारो बैल हाताखालून गेले, पण त्यांच्या दारात कधी गाय नव्हती की शेळी नव्हती. "आपलं म्हटलं का नजर गेली," असं त्यांचं म्हणणं. पण हैदराबादच्या मुलीनं नातवाच्या हौसेखातर दोन ससे घेतले, तिच्या सोसायटीत कुरकुर झाली आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती ते इथे सोडून गेली. बुढीनं, म्हणजे काकांच्या बायकोनं, ते वाढवले. नावं मात्र काकांनी ठेवली, ढवळ्या आणि पवळ्या. दुसरी नावं त्यांना सुचणार कुठून?

पुढे बुढी गेली. मागोमाग पवळ्या गेला. हे सगळं मी यायच्या आधीचं. काका सांगत, त्यानंतर कितीतरी दिवस ते आणि ढवळ्या एका घरात राहून एकमेकांकडे पाहत नव्हते. ससा बुढीचा होता. ती घालायची ते गवत हे घालत, तो ते खायचा आणि पाठ फिरवून बसायचा. मग एका सकाळी काका जोडे घालायला गेले तर हा जोड्यावर बसलेला. उठवला तरी उठेना. "तवापासून तो माहा," ते म्हणाले. मग म्हणाले, "जोडीतला एक गेला का दुसरा बाजारात नीट उभा राह्यत नाही, मास्तर. कोणाच्या बाजूनं उभं राहावं, हेच त्याले समजत नाही."

ससा आपला झाल्यावर काकांनी त्याचे लाड सुरू केले. गवत बंद. दुधात भिजवलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्कीट, मऊ खिचडी. आणि रोज सकाळी त्याला मांडीवर घेऊन, ओठ वर करून, दात पाहणं. बैलाचं वय दातांवरून काढतात. दात झिजून खुंट झाले की बैल म्हातारा, लांब आणि कोरे असले की जवान. ढवळ्याचे दात लांब होते आणि वाढतच होते. मी आलो त्या वर्षी ते ओठांबाहेर दिसायला लागले.

"पाहा," काका मला दाखवत. "नऊ वर्षांचा झाला, दात घासलेच नाहीत. हा मले पोचवून जाते."

येणाऱ्याजाणाऱ्यालाही ते दाखवत. इतका आनंद त्यांना दुसऱ्या कशाचा झालेला मी पाहिला नाही. मला सशातलं काय कळतंय! मीसुद्धा वा वा म्हणायचो.

पावसाळ्यात ढवळ्याचं खाणं कमी झालं. आधी बिस्कीट सोडलं, मग खिचडी. तोंडाशी नेलं की जवळ यायचा, हुंगायचा आणि मागे सरायचा. हनुवटीखालची लव सारखी ओली राहायला लागली. काका म्हणाले, रुसला असन. हे आवडत नाही, ते आवडत नाही म्हणून रोज नवं काही करायला लागले. एकदा शिरा केला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि उद्याचं जेवणाचं आमंत्रण देतात. काका हे दर वर्षी ढवळ्याला करत. ज्या खांद्यानं जन्मात काडी ओढली नाही, तो चोळताना ते अगदी गंभीर असत. त्या वर्षीही संध्याकाळी वाटीत तूप-हळद घेऊन बसले. मी शेजारी होतो. दोन बोटांनी हलकेच चोळत त्यांनी नेहमीचे शब्द म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

चोळता चोळता त्यांचा हात जबड्याखाली गेला आणि थांबला. तिथे लिंबाएवढी गाठ होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरणपोळी केली. बुढी गेल्यापासून त्या घरात पुरण शिजलं नव्हतं, त्यामुळे ते पातळ झालं. ढवळ्यापुढे पान मांडलं. गावात बैल मिरवत होते, बँड वाजत होता, आणि आम्ही दोघं त्या पानापुढे बसून होतो. तो जेवला नाही. काकांनी ताटलीतला एक कण त्याच्या ओठाला लावला, तो त्यानं पुसून टाकला.

"उद्या यवतमाळ," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले.

दिग्रसच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी पाहत, सशाचं कोणी पाहत नव्हतं. यवतमाळला एक डॉक्टर मॅडम लहान प्राणी पाहतात असं कॉलेजात कळलं होतं. दारव्हामार्गे एसटीनं गेलो. ढवळ्या वेताच्या टोपलीत काकांच्या मांडीवर. कंडक्टरनं वाकून पाहिलं आणि पुढे गेला.

मॅडम तरुण होत्या, पण हात सावकाश चालायचे. त्यांनी ढवळ्याचं तोंड छोट्या टॉर्चनं पाहिलं, गाठ दाबली, जबड्याचा एक्स-रे काढला. मग विचारलं, "दात एवढे वाढेपर्यंत कसे थांबलात?"

काका खुलले. "जवान हाय ना जी. घासलेच नाहीत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अगदी हळू आवाजात सांगितलं. सशाचे दात मरेपर्यंत वाढत असतात. गवत चावून चावून ते झिजले पाहिजेत. झिजले नाहीत की पुढचे बाहेर येतात, मागचे जिभेला आणि गालाला टोचतात, मुळं जबड्यात शिरतात. तिथेच पू झाला होता. त्याला भूक होती. खाता येत नव्हतं.

काकांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. घाम नव्हता, तरी पुसलं. "म्हंजे दुखून राह्यलं होतं त्याले," ते म्हणाले, "आन मी लोकायले दाखवून राह्यलो होतो."

मॅडम म्हणाल्या, दोनच रस्ते आहेत. एक तर गाठ कापून आतला दात काढायचा, पण या वयात भूल सोसेल याची खात्री नाही. नाहीतर घरी न्यायचं, दुखणं कमी व्हायचं औषध द्यायचं आणि शेवट जवळ आला हे धरून चालायचं. न खाता ससा फार दिवस राहत नाही.

"वाचायची आशा किती, ते..." मी विचारायला लागलो.

"थांबा," काका म्हणाले. ढवळ्या टेबलावर बसला होता, एक कान आमच्याकडे वळवून. "त्याच्यासमोर नाही."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, आपल्या हातावर टाकला आणि तो हात मॅडमपुढे धरला. मॅडम गोंधळल्या. मी समजावून सांगितलं. काका म्हणाले, "चार बोटं म्हंजे सोळा आने वाचते. एकबी नाही म्हंजे नाही वाचत. तुमच्या मनात असन तेवढी धरा."

मॅडमनी हातमोजा काढला आणि दुपट्ट्याखाली हात घातला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. काकांचा चेहरा तर बाजारातच बंद व्हायला शिकलेला. त्यांनी मान डोलावली, हात काढून घेतला आणि माझ्याकडे वळले.

"आता तुमी मालक," ते म्हणाले.

"काका, ससा तुमचा आहे."

"माहा हाय म्हणूनच. म्या आजपर्यंत कोणाच्या जनावराचा फैसला केला नाही, मास्तर. घेणारा सांगे, मालक हाव म्हणे, मी मधात. आता मले मधातून उठताच येत नाही. तुमी मालक व्हा. तिनं काय देल्लं ते तुमाले सांगतो. तुमी हाव म्हना, नाही तर नाही म्हना. मी ऐकतो."

खरं सांगतो, मला पळून जावंसं वाटलं. पण दुपट्टा माझ्या हातावर येऊन पडला होता. खाली त्यांची बोटं गार लागली. त्यांनी माझी दोन बोटं धरली.

दोन, म्हणजे आठ आणे. अर्धी आशा, अर्धी भीती. मी ढवळ्याकडे पाहिलं. तो उपाशी होता आणि तरी मॅडमनी टेबलावर ठेवलेल्या कोथिंबिरीच्या काडीकडे मान लांबवत होता. शनिवारी मी अमरावतीला जातो तेव्हा त्या घरात कोण असतं, हे माझ्या मनात आलं. आठ आण्यांना कोणीही मालक हो म्हणाला असता. मी काकांची सगळी बोटं मुठीत घेतली आणि एक झटका दिला.

"मालक हाव म्हणते," काका मॅडमना मोठ्यानं म्हणाले.

ऑपरेशन चालू असताना ते बसले नाहीत. दवाखान्याच्या आवारात एक गुलमोहर होता, तिथपर्यंत जायचे आणि परत यायचे, जायचे आणि परत यायचे. मला माझ्या पहिल्या दिवसाची आठवण झाली, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती. चहा आणला तर पेला हातात धरून फिरत राहिले आणि तो तसाच परत दिला.

दार उघडलं तेव्हा मॅडमच्या हातात टॉवेलची गुंडाळी होती. तिच्यातून एक कान बाहेर आला होता आणि तो हलला.

काका आत जाऊन ढवळ्याशेजारी बसले. मी औषधं समजून घ्यायला बाहेर थांबलो. पिचकारीनं पातळ खाणं कसं भरवायचं, टाके कधी दाखवायचे, सगळं सांगून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही काकांना फार छान समजावलंत. मला वाटलं होतं, ते परत घेऊन जातील. मी त्यांचं एकच बोट धरलं होतं. तेसुद्धा त्यांच्या तोंडाकडे पाहून."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

परतीच्या एसटीत टोपलीवर दुपट्टा टाकून काका बसले होते, डोळे मिटून. झोपले नव्हते, पापण्या हलत होत्या. मला राग आला होता का? आला होता. चार आण्यांचा जीव आठ आण्यांचा सांगून त्यांनी माझ्याकडून हो वदवून घेतलं होतं, आणि ढवळ्या टेबलावरच गेला असता तर ते हो माझ्या जिवाला लागून राहिलं असतं. मग दारव्ह्याला बस थांबली. काकांनी दुपट्ट्याचं टोक उचलून आत पाहिलं, बोट घातलं, श्वास चालू आहे का ते पाहिलं आणि परत झाकलं. माझा राग तिथेच उतरला. ज्या एका गोष्टीचा अभिमान धरून ते जगले होते, ती त्यांनी या टोपलीसाठी देऊन टाकली होती. आणि हे जगात मला एकट्यालाच माहीत होतं.

ढवळ्या वाचला. आठवड्यातच मेथीची पानं ओढायला लागला. काकांनी बिस्कीट बंद केलं, स्वतः जाऊन शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कापून आणायला लागले. तो खाताना होणारा कुरकुर आवाज ते मान वाकडी करून ऐकत. दात पाहणं मात्र त्यांनी सोडलं.

आणि सोडलं ते आणखी एक. त्या दिवसापासून "आज किती?" हे त्यांनी मला विचारलं नाही. चहा व्हायचा, जागा करून द्यायचे, पाऊसपाणी, गाव, माझ्या मुलीची परीक्षा, सगळं बोलायचे, पण दुपट्टा खांद्यावरून खाली यायचा नाही. सुरुवातीला मला वाटलं, सशाच्या गडबडीत राहून जात असेल. दिवस गेले. एकदा मीच खाटेवर आमच्या दोघांच्या मध्ये हात उताणा करून ठेवला. त्यांनी त्याच्यावर चहाचा पेला ठेवला. दूधवाल्यानं एकदा, "काका, ते तुमचं दुपट्ट्याखालचं सांगा ना," म्हणून छेडलं, तर ते "जुन्या गोष्टी हायेत" म्हणून आत निघून गेले.

"मला माहीत आहे," एवढं तरी मी त्यांना म्हणायला हवं होतं, असं कोणालाही वाटेल. पण कसं म्हणायचं? तोंडानं बोलण्यातली ती गोष्टच नव्हती, आणि हात ते देत नव्हते. संध्याकाळी खाटेवर आम्ही पूर्वीइतकेच जवळ बसायचो आणि मला तिथे पूर्वी कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटायचं. त्यांनाही वाटत असणार. ससा राखला आणि हा हात गमावला, असा तो हिशेब झाला होता.

थंडीत एका सकाळी ढवळ्या उठला नाही. दुखणं नव्हतं, आदल्या संध्याकाळी पोटभर खाल्लं होतं. वय झालं होतं. काकांनी कडुनिंबाखाली स्वतः खड्डा खणला, मला कुदळ धरू दिली नाही. हैदराबादला फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तुम्ही इकडेच या." ते म्हणाले, "पाह्यतो." त्या संध्याकाळी मी दोघांचा चहा केला. त्यांच्या मांडीवर काही नव्हतं, हातांना काय करावं ते कळत नव्हतं. आज तरी दुपट्टा खाली येईल, असं मला वाटलं. आला नाही.

उन्हाळ्यात माझी बदली झाली, एकदाची अमरावतीला. घरी पेढे वाटले गेले. इकडे मी सामान बांधत असताना काका दारात येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. निघायच्या दिवशी माझी बॅग त्यांनी हट्टानं उचलली. स्टँडवर बस लागलेली होती. मी खिडकीजवळ बसलो, बॅग वर ठेवली, खाली पाहून हात हलवणार तर ते खाली नव्हते. बसमध्ये चढून, लोकांना बाजूला सारत ते माझ्या शेजारच्या जागेवर येऊन बसले.

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या हातावर टाकला. खाली त्यांचा हात आला. तसाच गार. त्यांनी माझं एक बोट धरलं. एकच.

मी वाट पाहिली. दुसरं बोट त्यांनी धरलं नाही.

"तवाचं राह्यलं होतं, यवतमाळचं," ते म्हणाले.

मी त्यांची सगळी बोटं मुठीत घेतली आणि एक झटका दिला. त्यांचा चेहरा तसाच बंद होता, फक्त हनुवटी हलत होती. आपल्या बाजूनं मीही त्यांचा हात धरून राहिलो.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला. माझं अमरावतीचं दिलं आणि त्यांना विचारलं, "बाबा, तुमाले कुठं जायचं हाय?"

"कुठंच नाही," काका म्हणाले, आणि तरी हात सोडला नाही.